आकडा दुसऱ्या लॅपटॉपवरही आला पाहिजे

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात फायनान्स क्लबची मुलं बॅकटेस्टिंगची साधनं बांधतात आणि मी त्यांना मदत करतो. खरेदी-विक्रीचा एखादा नियम जुन्या भावांवर चालवून बघायचा, हे काम. शेवटच्या वर्षाची मुलं पास होऊन गेली की त्यांचे लॅपटॉपही जातात आणि मागे राहतो तो नुसता परताव्याचा आकडा. म्हणून क्लबात आता एकच दंडक आहे: दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तोच आकडा आला नाही, तर तो धरायचा नाही.

एकदा दोघांचे निकाल काही केल्या जुळेनात. कोड तोच, पायथनच्या लायब्रऱ्याही त्याच. एकेक सौदा ताडून पाहिल्यावर गाडी रिलायन्सपाशी अडली. २८ ऑक्टोबर २०२४ला एकास एक बोनसमुळे शेअरचा भाव निम्म्यावर आला. एकाने फाइल त्याआधी उतरवली होती, दुसरीने नंतर. बोनस जमेला धरून दिलेले भाव नवा बोनस आला की मागच्या सगळ्या वर्षांचे बदलतात. कच्चे भाव घ्यावेत, तर प्रोग्रॅमला बोनस म्हणजे पडझड वाटते आणि तो स्वस्त म्हणून खरेदी करून बसतो. आता मुलं एनएसईची भावकॉपी, म्हणजे रोजच्या भावांची फाइल, जशीच्या तशी जपतात, फाइलचा हॅश गिटमध्ये नोंदवतात आणि बोनस-स्प्लिटची यादी वेगळी ठेवतात. जुळवणी कोड करतो, तीही सगळ्यांसमोर.

कंपन्यांची यादीही त्या-त्या तारखेची लागते. आजचे निफ्टीचे ५० शेअर घेऊन २००८पासून चाचणी केली, तर निकाल देखणाच येणार, कारण जानेवारी २००९मध्ये बाहेर गेलेली सत्यम आणि मार्च २०२०मध्ये गेलेली येस बँक त्यात नसतातच. बंद भावाचंही तसंच, तो कधी कळतो हे पाहावं लागतं. त्या वर्षांत तो शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी असे, म्हणजे बाजार संपल्यावरच कळे. त्या भावावरून निर्णय घेऊन त्याच भावाला खरेदी दाखवणारा कोड मला अप्रामाणिक वाटतो. मुलं खरेदी दुसऱ्या दिवशीच्या सुरुवातीच्या भावाला धरतात. डिलिव्हरीवरचा एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर, खरेदीला आणि विक्रीलाही ०.१ टक्का, तो वजा केल्यावर पुष्कळ हुशार नियम गप्प होतात.

हा काटेकोरपणा मला मोलाचा वाटतो, कारण कागदावरच्या नफ्यावर विसंबून बाजारात उतरलं तर पैसे खरे जातात. सेबीच्या सप्टेंबर २०२४च्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. तुमच्या महाविद्यालयातल्या क्लबात स्पर्धा घेत असाल, तर परताव्याला गुण देण्याआधी तो कोड दुसऱ्या मुलाकडून, कोऱ्या फोल्डरात, पहिल्या ओळीपासून चालवून घ्या.