बंगालचे निरामिष स्वयंपाकघर

बंगाल म्हटले की मासळी, भात आणि रसगुल्ला एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. नद्यातळ्यांच्या त्या प्रदेशात मासळी ब्राह्मणाच्या पानातही निषिद्ध मानीत नाहीत. अशा प्रांतात शाकाहारी स्वयंपाकाची संपन्न परंपरा निर्माण व्हावी, याचे नवल वाटते. या स्वयंपाकाला तेथे ‘निरामिष’ म्हणतात.

तिचा एक उगम वैष्णव भक्तीत आहे. चैतन्य महाप्रभूंच्या (१४८६–१५३४) पंथात कांदालसणावाचूनचा नैवेद्य रूढ झाला. दुसरा उगम सक्तीतला आहे. उच्चवर्णीय हिंदू घरांतील विधवेला मासळी, मांस, अंडी, कांदा आणि लसूण वर्ज्य असे; मसुरीची डाळदेखील आमिषात गणली जाई. भात दिवसातून एकदाच मिळे आणि एकादशीस पुष्कळ घरांतून पाण्याचा थेंबही नसे. बालविवाहाच्या काळात हे व्रत कित्येकींच्या वाट्यास अजाण वयातच येई. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या प्रयत्नांनी १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला; तथापि पानातले निर्बंध कायद्याने उठले नाहीत. विधवेची चूल वेगळीच राहिली.

त्या चुलीवर परसातल्या साध्या वस्तूंचे सोने झाले. केळफूल, केळीच्या खोडाचा कोवळा गाभा, भोपळ्याची फुले, दुध्याच्या सालीसुद्धा टाकून दिल्या जात नसत. केळफुलातील प्रत्येक फुलाचा कठीण दांडा काढून, ते बारीक चिरून, हळदमिठाच्या पाण्यात ठेवून मग नारळासह शिजविले की ‘मोचार घंटो’ तयार होतो. हे काम तासन्‌तासाचे आहे. हरभऱ्याची डाळ भिजवून वाटावी, आले-हिंग घालून परतावी, थापून वड्या पाडाव्यात, तळाव्यात आणि रश्श्यात सोडाव्यात, म्हणजे ‘धोकार डालना’ होतो. पाटवडीच्या रश्श्याचा हा दूरचा भाऊच म्हणावयाचा! बंगालीत ‘धोका’ म्हणजे फसवणूक. जिभेला सामिष पदार्थाचा भास व्हावा, असा त्या नावाचा अर्थ लावतात.

कांदालसूण नसल्याने चवीचा भार फोडणीवर पडतो. मेथी, जिरे, बडीशेप, कलौंजी आणि मोहरी किंवा ओव्यासारखी दिसणारी ‘राँधुनी’ हे पाच जिन्नस न कुटता तापल्या तेलात टाकतात, हेच ‘पंचफोरन’. जेवणाचा आरंभ कडू चवीने होतो. कारले, कच्चे केळे, वांगे, शेवग्याच्या शेंगा आणि डाळीचे सांडगे यांच्या ‘शुक्तो’त शेवटी थोडे दूध व तूप घालतात. त्यानंतर डाळ, तळणी, भाज्या येतात आणि शेवट आंबटगोडाने होतो.

पुढे ही विद्या ग्रंथांतही आली. रवींद्रनाथ ठाकुरांच्या पुतणी प्रज्ञासुंदरी देवी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या ‘आमिष ओ निरामिष आहार’ या ग्रंथाच्या नावातच दोन्ही आहार शेजारी बसले आहेत.

आज ते निर्बंध पुष्कळच सैल झाले आहेत, आणि हे पदार्थ घरातली सारीच माणसे आवडीने खातात. ज्या हातांनी ते घडविले, त्यांना मात्र निवडीची मोकळीक नव्हती. त्यांचे कौशल्य वाखाणावे, पण त्या कौशल्याने अन्यायाचे समर्थन होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. बंगालच्या या चवीची खरी ओळख दोन्ही गोष्टी जाणल्यावरच पुरी होते.