बारा माणसं आणि तांब्याची तार

तंजावरच्या मेल वीदीजवळचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान कधीच बंद झालं होतं. गेल्या महिन्यात ती इमारतही पाडली. त्याच आठवड्यात भाच्याने ‘द थिंग’ मोबाइलवर दीडपट वेगाने पाहिला आणि म्हणाला, ‘मामा, फारच संथ आहे.’ मनाला लागलं.

जॉन कार्पेंटरचा हा चित्रपट 25 जून 1982 ला अमेरिकेत लागला. दोनच आठवडे आधी ‘ई.टी.’ने परग्रहावरचा पाहुणा घराघरांत लाडका करून ठेवला होता. माणसाला गिळून त्याचंच रूप घेणारा पाहुणा मग कुणाला हवा असणार? समीक्षकांनी झोडपला. एन्निओ मोरिकोनेच्या संगीताला तर वर्षातल्या सर्वांत वाईट संगीताचं ‘रॅझी’ नामांकन मिळालं. याच चित्रपटासाठी रचलेले, पण न वापरलेले तुकडे पुढे ‘द हेटफुल एट’मध्ये आले आणि 2016 मध्ये त्या चित्रपटाच्या संगीताला ऑस्कर मिळालं. त्या टीकाकारांना मी अजून माफ केलेलं नाही.

आम्ही तो पाहिला ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, ऐन कत्तिरीत, म्हणजे इथल्या उन्हाच्या कडक तडाख्यात. व्हीसीआर भाड्याचा, वर्गणी सगळ्या गल्लीची. घामाने पाठी भिजलेल्या आणि पडद्यावर नुसता बर्फ! अंटार्क्टिकावरच्या तळावर कोण अजून माणूस आहे हे ताडायला नायक मॅक्रेडी सोबत्यांना बांधून ठेवतो, प्रत्येकाचं रक्त काचेच्या बशीत घेतो, तापवलेली तांब्याची तार त्यात बुडवतो. चर्र. पुढची बशी. चर्र. मग पामर नावाच्या सोबत्याचं रक्त किंचाळत उसळतं. इंग्रजीचा गंध नसलेली आजी आमच्याआधी ओरडली. तोवर ती प्रत्येकाकडे बोट दाखवून विचारत होती, ‘हा आपल्यातला का?’

चित्रपटातल्या तळावर बारा माणसं. 1984 मध्ये अंटार्क्टिकावरच्या दक्षिण गंगोत्री या भारतीय तळावर पहिला हिवाळा काढणारी आपली तुकडीही बाराजणांचीच. वडील त्यांच्या बातम्या मोठ्याने वाचायचे, आणि महिनोन्‌महिने अंधारात तीच ती माणसं एकमेकांना कशी सोसत असतील, यावर घरात वाद रंगायचे.

आम्हा तंजावरी मराठ्यांना तो चित्रपट भिडला, त्याचं आणखी एक कारण होतं. एकोजीराजांच्या मागोमाग सतराव्या शतकात आमचे लोक इथे आले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्यात आमचे हेल ऐकून विचारतात, ‘मूळचे कुठले?’ इथेही तेच विचारतात. माणूस खरा आपला की नुसता आपल्यासारखा, हे चाचपणारी नजर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. हल्ली तर ती जास्तच धारदार झाली आहे, आणि त्याचा मला मनापासून संताप येतो.

1990 नंतर या जातीचं पाहिलेलं फारसं काही आठवत नाही. ‘द थिंग’चा 2011 चा पूर्वभाग मात्र डोक्यात गेला. मूळ चित्रपटात रॉब बॉटिन या विशीतल्या पोराने रबर, जिलेटीन, मेयोनीज असलं काहीबाही वापरून ते प्राणी घडवले. वर्षभर सुट्टी न घेता राबला, शेवटी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. पूर्वभागासाठीही कारागिरांनी बाहुले घडवले होते, पण निर्मात्यांनी त्यांतल्या बऱ्याच बाहुल्यांवर संगणकाची चित्रं चढवली. तो मी अर्ध्यात बंद केला.