दोन आठवड्यांत पूर्ण काय झाले?

अजाइल म्हणजे अनेकांनी मिळून करायचे काम हाताळण्याच्या पद्धतींचे एक कुटुंब. कामाचे लहान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा वापरता येईल इतका पुरा करायचा, ज्याच्यासाठी केला त्याच्यापुढे ठेवायचा आणि त्याचे म्हणणे ऐकून पुढचा बेत ठरवायचा, हा या सगळ्या पद्धतींचा गाभा. त्यामागचा विचार साधा आहे. चूक होणारच, ती दोन आठवड्यांनी कळते की दोन वर्षांनी, एवढाच प्रश्न असतो. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत ‘स्प्रिंट’, ‘स्टँडअप’, ‘बॅकलॉग’ हे शब्द आज रोजच्या बोलण्यातले झाले आहेत. शब्द लवकर रुळतात. चूक लवकर उघडी पाडण्याची सवय मात्र सावकाश लागते.

या पद्धतींआधी मोठे सॉफ्टवेअर एकामागून एक टप्प्यांनी घडवले जाई. आधी सगळ्या गरजा लिहून काढायच्या, मग संपूर्ण आराखडा, मग संपूर्ण बांधणी आणि सर्वात शेवटी चाचणी. या रचनेला ‘वॉटरफॉल’ म्हणतात. विन्स्टन रॉइस यांच्या १९७० सालच्या निबंधातली आकृती तिचा उगम म्हणून दाखवली जाते. पण चाचणी अगदी शेवटी येत असल्यामुळे ही रचना जशीच्या तशी वापरणे धोक्याचे आहे, असे रॉइस यांनी त्याच निबंधात बजावले होते. आकृती जगभर गेली, इशारा मागे राहिला.

पर्याय शोधणाऱ्यांना पहिला मोठा धागा जपानी कारखान्यांतून मिळाला. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी १९८६ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्यांत नवी उत्पादने कशी घडतात यावर लेख लिहिला. तिथे एक विभाग आपले काम संपवून दुसऱ्याच्या हाती सोपवत नव्हता. रग्बीच्या संघासारखे सगळे विभाग एकत्रच पुढे सरकत होते. जेफ सदरलँड यांनी १९९३ मध्ये ईझेल कॉर्पोरेशन या कंपनीत ही कल्पना सॉफ्टवेअरसाठी वापरली आणि १९९५ मध्ये केन श्वाबर यांच्यासोबत ती ‘स्क्रम’ या नावाने जाहीरपणे मांडली. त्यानंतर लवकरच केंट बेक क्रायस्लरच्या पगारपत्रकाच्या प्रणालीवर काम करताना ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ घडवत होते. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील स्नोबर्ड येथे अशा वेगवेगळ्या वाटांनी आलेले १७ जण जमले आणि त्यांनी ४ मूल्ये व १२ तत्त्वांचा जाहीरनामा लिहिला. माणसे आणि त्यांचा संवाद, चालणारे सॉफ्टवेअर, ग्राहकाचा सहभाग आणि बदलाला दिलेला प्रतिसाद यांना त्यात अधिक वजन आहे. कागदपत्रे, करार किंवा आराखडा त्यात कुठेही टाकाऊ ठरवलेले नाहीत. ‘आम्ही अजाइल आहोत, म्हणून काही लिहून ठेवत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी जाहीरनामा पुरता वाचलेला नसतो.

उशिरा कळलेली चूक किती महाग पडते, याचे सर्वात बोलके उदाहरण एफबीआयचे आहे. या तपास यंत्रणेला कागदी फायलींऐवजी संगणकीय प्रणाली हवी होती. ‘व्हर्च्युअल केस फाइल’ हा पहिला प्रयत्न सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये सोडून द्यावा लागला. २००६ मध्ये ‘सेंटिनल’ हा नवा प्रकल्प लॉकहीड मार्टिन या कंपनीकडे चार टप्प्यांत सोपवला गेला. २०१० च्या ऑगस्टपर्यंत ४५.१ कोटी डॉलरच्या तरतुदीपैकी सुमारे ४०.५ कोटी संपले होते आणि चारपैकी दोनच टप्पे हाती आले होते. याच वाटेने गेल्यास आणखी सहा वर्षे आणि ३५ कोटी डॉलर लागतील, असा एका स्वतंत्र पाहणीचा अंदाज होता.

तेव्हा एफबीआयने काम स्वतःच्या हाती घेतले. कंत्राटदाराची सुमारे २२० माणसे ४० वर आणली आणि उरलेले काम दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये विभागले. प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी चालणारा भाग दाखवायचा, हा नियम. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये प्रत्यक्ष वापरकर्त्यांसह चाचणी घेतली, तेव्हा प्रणाली बंद पडली आणि यंत्रसामग्री अपुरी असल्याचे दिसले. ठरलेली तारीख पुढे गेली. १ जुलै २०१२ रोजी सेंटिनल सर्वांसाठी सुरू झाले. स्प्रिंटमुळे अडचणी टळल्या, असे या हकिकतीतून म्हणता येत नाही. पण दर दोन आठवड्यांनी खरी स्थिती समोर येत गेल्यामुळे त्या सोडवण्याइतका वेळ आणि पैसा शिल्लक राहिला, आणि ते काही थोडे नव्हे.

आज सर्वाधिक वापरात असलेल्या स्क्रमचे नियम थोडकेच आहेत. संघ साधारण दहा जणांपर्यंतचा. त्यात ‘प्रॉडक्ट ओनर’ कोणते काम आधी हे ठरवतो, ‘स्क्रम मास्टर’ पद्धत नीट पाळली जावी आणि अडथळे दूर व्हावेत म्हणून झटतो, बाकीचे प्रत्यक्ष काम करतात. करायच्या सर्व कामांची महत्त्वाच्या क्रमाने लावलेली यादी म्हणजे बॅकलॉग. स्प्रिंट जास्तीत जास्त एक महिन्याचा. सुरुवातीला नियोजन, रोज १५ मिनिटांची भेट, शेवटी झालेल्या कामाचे प्रदर्शन आणि त्यानंतर कामाच्या रीतीचा आढावा, ज्याला ‘रेट्रो’ म्हणतात.

नियम एका बैठकीत वाचून होतात. तुकडे कसे पाडायचे, हे मात्र शिकणाऱ्याला फार जड जाते. दिवाळी अंकाचे काम घेतले तर हे नीट दिसते. नेहमीची रीत अशी की आधी सगळे लेख गोळा करायचे, मग सगळ्यांचे संपादन, मग सगळी अक्षरजुळणी, सगळे मुद्रितशोधन आणि शेवटी मांडणी. या रीतीने गणपतीपर्यंत ऐंशी टक्के काम झालेले दिसते, पण छापायला देता येईल असे एकही पान तयार नसते. अजाइल विचाराने चालणारा संघ जुलैमध्येच एक लेख घेईल आणि तो संपादनापासून चित्र, मुद्रितशोधन, मांडणी आणि छापखान्याच्या होकारापर्यंत नेईल. त्या एका लेखात फाँटची अडचण कळते, चित्रकाराला किती दिवस लागतात ते कळते, समासाची चूक कळते. पुढे दर दोन आठवड्यांनी सोळा पानांचा एक फर्मा पूर्ण करायचा, तोही सर्वात महत्त्वाच्या मजकुरापासून. जाहिराती कमी आल्या आणि पाने कापावी लागली, तर जे गळेल ते यादीच्या तळाचे असेल आणि त्यावर अजून श्रम झालेले नसतील. दिवाळीची तारीख हलत नाही. अंकात काय घ्यायचे, हे हलवता येते.

यासाठी ‘झाले’ म्हणजे नेमके काय, हे संघाने आधी लिहून ठेवावे लागते. दोनदा मुद्रिते तपासली, लेखकाचा होकार आला, चित्राखालची ओळ बसली, तरच लेख झाला. ही व्याख्या नसेल तर प्रत्येक जण आपल्या पुरते ‘झाले’ म्हणतो आणि उरलेले काम कुणाच्याच हिशेबात येत नाही. नव्या संघाने बाकी सगळे पुढे ढकलले तरी चालेल, हे एक पहिल्याच दिवशी करावे.

अंदाज बांधण्याची रीतही शिकण्याजोगी आहे. काम किती तासांचे, हे सांगताना माणसे सर्रास चुकतात. दोन कामांपैकी कोणते मोठे, हे मात्र बरे सांगतात. म्हणून १, २, ३, ५, ८, १३ अशा आकड्यांनी कामांचा तुलनेने आकार ठरवला जातो. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये सुचवलेल्या ‘प्लॅनिंग पोकर’मध्ये प्रत्येक जण आकड्याचे पान मनाशी निवडतो आणि सगळी पाने एकदम उलटली जातात. साहेबांचा आकडा आधी ऐकून त्यालाच मान डोलावण्याची आपल्याकडची सवय त्यामुळे आपोआप मोडते. एकाने ३ आणि दुसऱ्याने १३ दाखवले तर दोघांना कारण विचारले जाते, आणि बहुतेकदा एकाला अशी काही अडचण ठाऊक असते जी इतरांच्या ध्यानीही नसते.

स्प्रिंटमध्ये न बसणाऱ्या, सतत येत राहणाऱ्या कामांसाठी ‘कानबान’ सोयीचे. टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी घडवलेल्या पद्धतीतून ते आले आहे. फळ्यावर ‘करायचे’, ‘चालू’, ‘तपासणीत’, ‘झाले’ असे रकाने आखायचे आणि ‘चालू’ रकान्यात एका वेळी किती चिठ्ठ्या असाव्यात याला मर्यादा घालायची. ही मर्यादा म्हणजे कानबानचा प्राण. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, एखादे काम पूर्ण व्हायला सरासरी लागणारा वेळ म्हणजे हाती असलेली कामे भागिले पूर्ण होण्याचा वेग. संघाच्या हाती १२ कामे असतील आणि आठवड्याला ३ पूर्ण होत असतील, तर प्रत्येकाला सरासरी चार आठवडे लागतात. वेग तोच ठेवून हाती सहाच घेतली तर दोन आठवडे. कुणीही जास्त वेळ न बसता काम निम्म्या वेळात निघते. तरीही अनेक कार्यालयांत हा फळा असतो आणि मर्यादा नसते, कारण ‘आत्ता नाही’ असे वरिष्ठांना सांगण्याचे धैर्य फळ्यातून येत नाही.

रोजची भेटही अशीच बिघडते. ती संघाने आपसांत दिवसाची आखणी करण्यासाठी आहे. प्रत्यक्षात एकेक जण व्यवस्थापकाकडे तोंड करून हजेरी दिल्यासारखा अहवाल देतो. काल काय केले, आज काय करणार, अडथळा काय, हे तीन ठरावीक प्रश्न २०२० च्या ‘स्क्रम गाइड’मधून काढून टाकले गेले, तरी असंख्य संघ अजून त्यांचाच पाढा म्हणतात. रेट्रोमध्ये तक्रारींची यादी होते आणि बदल काहीच होत नाही. पुढच्या स्प्रिंटमध्ये करून पाहायचा एकच ठोस बदल ठरला, तरी रेट्रो सार्थकी लागला असे समजावे.

शिकण्याची साधने भरपूर आहेत. ‘स्क्रम गाइड’ चौदा पानांच्या आतबाहेरची आणि मोफत आहे. ‘पीएसएम १’ या परीक्षेत ६० मिनिटांत ८० प्रश्न असतात आणि ८५ टक्के गुण लागतात. नोकरीच्या अर्जावर प्रमाणपत्राचा उपयोग होतो. पण तुकडे पाडणे आणि नको ते थांबवणे हे हात घातल्यानेच येते. तीन-चार जणांचा संघ, एक भिंत, रंगीत चिठ्ठ्या आणि दोन आठवड्यांचे खरे काम एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. महागडे सॉफ्टवेअर आधी घेतलेल्या संघाचा पहिला महिना ते सॉफ्टवेअर शिकण्यातच जातो.

सगळ्याच कामांना ही पद्धत मानवत नाही. पुलाचा पाया ओतल्यावर वापरकर्त्याचे मत विचारून तो बदलता येत नाही. तिथे आधीचा सविस्तर आराखडाच हवा. ज्या करारात किंमत, तारीख आणि प्रत्येक बारकावा आधीच बांधलेला असतो, तिथेही संघाच्या हाती बदलण्यासारखे काही उरत नाही. परदेशी ग्राहकांसाठी ठरावीक किमतीत काम करणाऱ्या भारतीय कंपन्यांना ही अडचण येते: स्प्रिंट चालू असतात, प्रदर्शने होतात, पण ग्राहकाने सुचवलेला प्रत्येक बदल वेगळ्या मंजुरीत अडकतो. अशा ठिकाणी पद्धत शिकण्याआधी करार बदलावा लागतो. ठरावीक मुदतीपुरता संघ घेऊन त्या मुदतीत कामाचा क्रम ग्राहकाने ठरवावा, असे करार त्यासाठी केले जातात.