लोखंडाचा एक अणू

दल्ली-राजहराच्या डोंगरांतून निघालेले लोहखनिज भिलाईच्या झोतभट्ट्यांत येऊन वितळते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या भट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून भिलाई म्हटले की लोखंड आठवावे, असे समीकरणच झाले आहे. परंतु या पोलादनगरीतील प्रत्येक घरात लोखंडावर चालणारा आणखी एक कारखाना आहे. तो माणसाच्या शरीरात असतो आणि त्याचे नाव ॲरोमॅटेज.

ॲरोमॅटेज हे एक विकर, म्हणजेच एंझाइम होय. त्याच्या गाभ्याशी, रक्तातील हीमोग्लोबिनप्रमाणेच, हीमच्या चौकटीत लोखंडाचा एक अणू बसविलेला असतो. टेस्टोस्टेरोन हे पुरुषांचे म्हणून ओळखले जाणारे संप्रेरक तेथे आले की हा अणू प्राणवायूच्या साहाय्याने त्यावर लागोपाठ तीन वेळा क्रिया करतो. एक कार्बन अणू छाटला जातो आणि तयार होते एस्ट्रॅडिओल, स्त्रीचे प्रमुख संप्रेरक. स्त्रीत्व व पुरुषत्व यांच्या रसायनांत अंतर आहे ते एवढेच! पुरुषांनाही या विकराची गरज असते. ज्या थोड्या पुरुषांत ते जन्मतःच नव्हते, त्यांची हाडे प्रौढपणीही वाढत राहिली आणि ठिसूळही झाली.

ऋतुनिवृत्तीनंतर अंडाशयांचे काम थांबते. पण मेदातील ॲरोमॅटेजचे थांबत नाही. स्तनाच्या कर्करोगांपैकी बरेचसे याच एस्ट्रोजेनवर पोसतात. म्हणून वैद्यकाने गाठीवर नव्हे, तर तिच्या रसदीवर घाला घातला. लेट्रोझोल आणि अनॅस्ट्रोझोल या औषधांतील नायट्रोजन त्या लोखंडाच्या अणूलाच जाऊन जखडतो आणि कारखाना बंद पडतो. २००९ मध्ये देबाशिष घोष व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी वारेतून हे विकर शुद्ध करून त्याची त्रिमिती रचना उलगडली, तेव्हा हे कुलूप प्रत्यक्ष दिसू लागले.

मात्र प्रत्येक गाठ एस्ट्रोजेनवर वाढत नाही. ते तपासूनच हे औषध देतात. अंडाशये कार्यरत असताना ते एकटे पुरे पडत नाही. शिवाय एस्ट्रोजेन आटले की हाडे विरळ होतात, त्यांच्यावरही लक्ष ठेवावे लागते. लेट्रोझोलची अडीच मिलिग्रॅमची गोळी सहसा रोज, पाच वर्षे किंवा अधिक काळ घ्यावी लागते. पण त्यासाठी आधी गाठ वैद्यांपर्यंत पोहोचली पाहिजे. संकोचाने लपविलेल्या गाठीपुढे उत्तमातले उत्तम औषधही हतबल ठरते.