न बोललेलें बोलणें

नववी-दहावीच्या वयांत जी मैत्री जमते तींत बोलण्यापेक्षां न बोलण्याचाच भाग मोठा असतो. आमच्या नेरसारख्या गांवीं वर्गांत मुलें एका बाजूस, मुली दुसऱ्या बाजूस. मधली दोन हात वाट ओलांडावयास वही मागण्याचें निमित्त लागतें. कुणाची चिठ्ठी सांपडतांच ती मोठ्यानें वाचून दाखविणारे शिक्षक मीं पाहिले आहेत. त्याहून क्रूर शिक्षा नाहीं.

मराठींत हें मौन मिलिंद बोकील यांनीं 'शाळा' (२००४) या कादंबरींत अचूक टिपलें. काळ आणीबाणीचा. नववींतला मुकुंद जोशी आपलें सारें मन वाचकापाशीं उघडें करतो, पण त्याचा दशांशही शिरोडकरपुढें बोलत नाहीं. तिला तो मनांतही आडनांवानेंच ओळखतो. शाळकरी संकोचाची ही खरी खूण. सुऱ्या, चित्रे, फावड्या हे सोबती सदा थट्टेंत बोलतात, कारण थट्टेआड माया लपवितां येते.

जपानांत याच विषयावर 'मांगा' नामक चित्रकथा विपुल आहेत. कारुहो शिइना यांच्या 'किमि नि तोदोके' या कथेंतील अबोल सावाकोला वर्ग भुताच्या नांवानें चिडवितो. तिला मैत्रिणी मिळणें हेंच तींत प्रेमाइतकें मोलाचें. येथील एक युक्ति पाहण्याजोगी आहे : उच्चारलेला शब्द फुग्यांत, मनांतला बहुधा फुग्याबाहेर, चेहऱ्याशेजारच्या कोऱ्या जागेंत. मन उघड करण्यास तिकडे 'कोकुहाकु' असा रूढ शब्दच आहे. आपल्याकडे तसा शब्द नाहीं. शिरोडकर गांव सोडून जाते, आणि जोशाचें पुष्कळसें बोलणें राहूनच जातें.