बिल 3,000 युरोंचं, त्यातले आपले किती?

मागच्या भागात मी बर्लिनमध्ये कोडिंग शिकवायला कसा आलो ते सांगितलं. त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते टॅक्सचे. तर आज फक्त तेच. एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर हे वाचा.

मी फेब्रुवारी 2024 पासून इथं शिकवतोय, पण नोकरीत नाही. महिनाभराचे तास मोजायचे, बिल पाठवायचं, साधारण 3,000 युरो खात्यात. पुण्यातल्या नोकरीत टीडीएस कापूनच पगार हातात पडायचा, त्यामुळे खात्यात आलं ते आपलं ही सवय. ती इथं महागात पडली.

जर्मनीत शिकवणं हा 'फ्रायबेरुफलर', म्हणजे स्वतंत्र व्यावसायिकाचा धंदा धरतात. सुरुवातीला एल्स्टर नावाच्या सरकारी पोर्टलवर एक लांबलचक फॉर्म भरायचा, मग टॅक्स नंबर येतो. त्या फॉर्ममध्ये विचारतात, यंदा नफा किती होईल? मी घाबरून अगदी कमी आकडा टाकला. वाटलं, आपण किती हुशार! झालं काय, तर त्या आकड्यावरून मला आगाऊ हप्तेच लागले नाहीत आणि वर्षभर मी मजेत राहिलो.

2024 चं रिटर्न मी मे 2025 मध्ये भरलं (मुदत 31 जुलै होती). ऑगस्टमध्ये पत्र आलं. गेल्या वर्षाचा कर दोन हजार युरोंच्या वर, तो एकरकमी. आणि त्याच पाकिटात पुढची ओळ: आता चालू वर्षाचे हप्तेही भरा, 10 सप्टेंबर आणि 10 डिसेंबर. खात्यात तेव्हा नऊशे युरो होते. बहिणीकडून उसने घेतले, अजून टोमणे ऐकतोय. आता प्रत्येक बिलातला तिसरा हिस्सा त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाकतो आणि त्याला हात लावत नाही. कमाई घटली तर हप्ते कमी करायचा अर्ज करता येतो, हेही मला उशिरा कळलं.

एका गोष्टीत मात्र सहकाऱ्यामुळे वाचलो. जर्मनीत स्वतंत्रपणे शिकवणाऱ्याला, हाताखाली कोणी कर्मचारी नसेल तर, सरकारी पेन्शन विमा सक्तीचा आहे. नुसतं प्रोग्रामिंग करणाऱ्या फ्रीलान्सरला नाही, पण तेच प्रोग्रामिंग शिकवलं की लागू! दर 18.6 टक्के. नोकरीत अर्धा भार मालक उचलतो, इथं दोन्ही अर्धे आपलेच. पहिली तीन वर्षं ठरावीक हप्त्याच्या निम्मे भरायची सोय आहे. पण काम सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत आपणहून कळवायचं. कोणी विचारायला येत नाही. येतं ते थेट मागची थकबाकी घेऊन.

आता भारत. "मी तर बाहेर आहे, मला काय!" असं म्हणू नका. जर्मनीचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. मी फेब्रुवारीत निघालो, म्हणजे 2023-24 मध्ये भारतात 182 दिवसांहून कितीतरी जास्त राहिलो होतो. त्यामुळे त्या वर्षी मी भारताचा रहिवासी, आणि रहिवाशाची जगभरातली कमाई भारतात मोजतात. फेब्रुवारी-मार्चची बर्लिनची बिलं तिथं दाखवावी लागली. परदेशी उत्पन्न आलं की सोपा आयटीआर-4 चालत नाही, म्हणून सीए गाठला. दुहेरी कर टाळायला फॉर्म 67 असतो, पण त्याला बाहेर कर भरल्याचा पुरावा लागतो, आणि माझा जर्मन हिशेब तर व्हायचाच होता! म्हणून आधी भारतात भरले.

पुढच्या वर्षी, 2024-25 मध्ये, एकही दिवस भारतात नव्हतो, म्हणजे अनिवासी. इथली कमाई भारताच्या कराबाहेर. पुण्यातल्या एफडीचं व्याज मात्र तिथंच मोजतात.

तुम्ही निघताय? मग तिकीट काढण्याआधी कॅलेंडर उघडा आणि 1 एप्रिलपासून दिवस मोजा. पुढच्या भागात आरोग्य विमा, तोही असाच भारी प्रकार आहे.