नवतप्यात परतलेला डाग

मोहाच्या झाडाखाली दुपारी जमिनीवर पडलेले कवडसे पाहा. पानांमधली फट वाकडीतिकडी असते, पण उंचावरून उतरलेला कवडसा मात्र गोल असतो. तो फटीचा आकार नसतोच, ते सूर्याचं चित्र असतं. कवेलूच्या घरात सारवलेल्या जमिनीवर पडणारा उजेडाचा रुपया, तोही सूर्यच. 26 डिसेंबर 2019 च्या, आपल्याकडे खंडग्रास दिसलेल्या ग्रहणात या कवडशांच्या कोरी झाल्या होत्या, तेव्हा हे उघड दिसलं.

या चित्रात सूर्य गुळगुळीत वाटतो. लहान दुर्बिणीतून त्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडली, की त्यावर डाग दिसतात. (दुर्बिणीला डोळा लावायचा नाही. एक क्षणही नाही.) रोज एकाच वेळी पेन्सिलीनं खुणा करत गेलं, तर आठवड्याभरात डाग सरकलेले कळतात. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्याचा हा घरबसल्या मिळणारा पुरावा.

मे 2024 मध्ये असाच एक डागांचा समूह आला. पृथ्वीसारखे सुमारे पंधरा गोळे शेजारी ठेवावेत एवढी त्याची लांबी. 10 मेच्या रात्री त्याच्यामुळे लडाखमधल्या हानलेचं आकाश ध्रुवीय प्रकाशानं लाल झालं. 14 मेच्या सुमारास तो सूर्याच्या कडेआड गेला. आपल्याकडे नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, लागून दोन-तीन दिवस झाले असतील, तेव्हा तो दुसऱ्या कडेनं पुन्हा उगवला. शास्त्रज्ञांनी त्याला नवा क्रमांक दिला, डाग जुनाच.

सूर्य आपल्या पृथ्वीसारखा एकसंध फिरत नाही. विषुववृत्ताजवळचा पट्टा साधारण 25 दिवसांत फेरी पुरी करतो, ध्रुवांकडच्या भागाला 35 दिवसांच्या आसपास लागतात. तप्त वायूचा गोळा तो, त्याला ठोस कवच कुठलं? ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात रिचर्ड कॅरिंग्टननं डाग मोजून दाखवली. या मोजणीतल्या पुढच्या दोघांचा आपल्या विदर्भाशी संबंध आहे. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी वॉल्टर आणि ॲनी माँडर हे जोडपं धामणगाव आणि पुलगाव यांच्या मधल्या तळणीला आलं होतं. ॲनीनं तिथे सूर्याच्या प्रभामंडळाचा लांबच लांब झोत छायाचित्रात पकडला. पुढे 1905 मध्ये दोघांनी ग्रीनिचच्या जुन्या नोंदींवरून सूर्याच्या फिरण्याचा हिशेब मांडला. तळणीच्या फलाटावर त्यांच्या नावाची एक पाटी असावी, असं मला मनापासून वाटतं.

फिरणाऱ्या गोळ्यावर लाटाही उठतात. आता त्यांच्याकडे येऊ, आधी आपल्या पृथ्वीवरच्या. गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याला वैनगंगा वळून उत्तरवाहिनी होते. समजा पाणी पुढे धावतंय, पण ते वळणच हळूहळू उलट दिशेला सरकतंय. आपल्या डोक्यावर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या वाऱ्याच्या झोतात हे खरोखर घडतं. गोल पृथ्वीच्या फिरण्याचा वाऱ्यावरचा परिणाम विषुववृत्ताकडे कमी आणि ध्रुवाकडे जास्त असतो. त्या फरकातून ही अवाढव्य वळणं तयार होतात. कार्ल-गुस्ताफ रॉसबी यांनी 1939 मध्ये त्यांचं गणित मांडलं, म्हणून त्या रॉसबी लाटा. असं एखादं वळण बरेच दिवस एका जागी अडलं, की खालची हवा दबते, आकाश निरभ्र राहतं, जमीन तापत जाते. मध्य भारतातल्या काही उष्णतेच्या लाटांशी अशा लाटांचा संबंध आढळला आहे. चंद्रपूरकरांना त्यांची ओळख घामातून आहे.

फिरणाऱ्या वायूच्या गोळ्यावर, म्हणजे सूर्यावरही, रॉसबी लाटा असायलाच हव्यात. पण सापडायला 2018 उजाडलं. कारण सोपं आहे: सूर्याचा पृष्ठभाग उकळत असतो. हजारेक किलोमीटर रुंदीचे बुडबुडे दहाएक मिनिटांत येतात आणि विरतात. त्या खळबळीत या लाटांचा प्रवाह सेकंदाला एक-दोन मीटर, म्हणजे हाटाला निघालेल्या माणसाच्या चालीएवढा. गटिंगेनच्या ब्योर्न लोप्टिन, लॉरां गिझों आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या सहा वर्षांच्या चित्रांतून तो वेगळा काढला. पुढच्याच वर्षी मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, श्रवण हनासोगे आणि कृष्णेंदू मंडल यांनी वेगळ्या वाटेनं त्याच लाटा गाठल्या. सूर्याच्या पोटात घुमणाऱ्या ध्वनिलहरींवर या प्रवाहांचा बारीक ठसा उमटतो. तो त्यांनी वाचला.

2022 मध्ये अबू धाबीतल्या क्रिस हॅन्सन यांच्यासोबत हनासोगे आणि के. आर. श्रीनिवासन यांनी आणखी एक जात शोधली. याही भोवऱ्यांच्या लाटा, सूर्याच्या फिरण्याच्या उलट जाणाऱ्या, पण गणितानं सांगितलेल्या वेगाच्या तिप्पट धावणाऱ्या. चुंबकत्व, गुरुत्व, वायूचं दाबलं जाणं, सगळी कारणं लावून पाहिली. एकही पुरेसं पडलं नाही. त्यासाठी वापरलेल्या 25 वर्षांच्या नोंदींत जमिनीवरच्या सहा दुर्बिणींच्या साखळीचा मोठा वाटा आहे, आणि त्यांतली एक उदयपूरला आहे. चंद्रपुरात ऊन चढू लागतं, त्या वेळी सूर्यावरची पाळी तिची असते.